मूळ चित्रं आहेत, असं लिहून देण्याआधी

मार्च 2024 मध्ये बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका कलादालनाचा अर्ज भरून दिला. एकटीचं पहिलंच प्रदर्शन. नाव, आधारवरचा पत्ता, चित्रांची अंदाजे संख्या, माध्यम, हव्या असलेल्या तारखा, असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक हमीपत्र होतं : प्रदर्शनात मांडलेली सर्व चित्रे माझी स्वतःची व मूळ असून त्यावरून वाद उद्भवल्यास जबाबदारी माझी राहील. खाली सही आणि तारीख. तिथले काका म्हणाले, "हे आत्ता नको मॅडम. चित्रांची यादी आणाल त्या दिवशी सही करा."

आपल्याकडे प्रदर्शनांचा हंगाम दिवाळीनंतरचा, त्यामुळे हिवाळ्यातल्या तारखा आदल्या उन्हाळ्यातच जातात. मला जानेवारी 2025 मधले शुक्रवार ते सोमवार मिळाले. भाडं दिवसाला 1,500 रुपये, अनामत 3,000. अनामत भरली की पावती घ्याच, आणि पावतीवर तारखा पेनाने का होईना लिहून घ्या. तोंडी ठरलेल्या तारखा पुढे कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

खानापूरला परत येताना बसमध्ये त्या हमीपत्राचाच विचार डोक्यात होता. मी घरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते आणि ऑर्डरची कामं करते. फोटोवरून व्यक्तिचित्र, लग्नघराची भिंत, बारशाला पाळण्यामागचा पडदा. लोक मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "मॅडम, असंच पाहिजे." हे काम मी मनापासून करते. हात त्यानेच तयार झालाय आणि घरखर्चालाही त्याचा आधार आहे. पण त्यातलं एकही चित्र त्या हमीपत्राखाली बसणारं नव्हतं. चार भिंती भरतील इतकी स्वतःची चित्रं कुठून आणायची, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. आपल्या भागात घरच्या घरी चित्रं काढणाऱ्या, ऑर्डरी करणाऱ्या आणि ‘स्वतःचं काहीतरी करायचंय पण सुचत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. हे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

एप्रिलमध्ये आधी घरातली सगळी चित्रं बाहेर काढून सोप्यात पसरली. एका बाजूला सरावासाठी केलेल्या नकला, दुसरीकडे ऑर्डरच्या कामांची कच्ची चित्रं, तिसरीकडे जे माझं मला बघून सुचलं ते. तिसरा ढीग छोटा होता, पण होता. त्यात बाजारातली माणसं होती, मलप्रभेच्या घाटावरचे कपडे होते, आणि कपाटाची अर्धी उघडी दारं, कोपरे, पायऱ्या अशी बरीच चित्रं. माणसांपेक्षा मी जागाच जास्त काढते हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल त्यांनी आधी हे करावं. स्वतःची जुनी चित्रं एकत्र मांडली की आपला डोळा कुठे रेंगाळतो ते दिसतं.

नकलांचा ढीग मी फेकला नाही, कुणीही फेकू नये. नक्कल करून शिकणं ही चित्रकलेतली जुनी आणि चांगली वाट आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. ते काम 1885 पर्यंत चाललं आणि त्यातून एक पिढी शिकली. व्हॅन गॉगने 1887 साली हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांवरून तैलचित्रं केली, पुढे फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांवरूनही केली, आणि कुणावरून केली ते लपवलं नाही. नक्कल केली तर कशावरून केली ते कागदाच्या पाठीवर लिहायचं आणि ती स्वतःची म्हणून भिंतीवर लावायची नाही, एवढं पाळलं की पुरे. मी सगळ्या नकलांच्या मागे मूळ चित्रकाराचं नाव लिहिलं आणि गठ्ठा बांधून माळ्यावर ठेवला.

कायद्याचं वाचनही त्याच दिवसांत केलं, कारण ‘इतकं बदललं की चालतं’, ‘नेटवर आहे म्हणजे फुकट आहे’ असं बरंच ऐकलेलं असतं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात चित्रकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं असतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही. परवा कुणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या चित्रावर मात्र ते काढणाऱ्या चित्रकाराचा हक्क पूर्ण आहे, खाली नाव असो वा नसो. स्वतःच्या अभ्यासासाठी नक्कल केलेली चालते. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेलं शिल्प किंवा एखादी इमारत बघून चित्र काढायलाही कायद्याची आडकाठी नाही. देवळं, पुतळे, वाडे काढताना घाबरायचं कारण नाही. अमुक टक्के बदल केला की चित्र आपलं होतं, असा नियम मात्र मला कायद्यात कुठेही सापडला नाही.

सगळ्यात उपयोगी वाटला तो नाटककार आर. जी. आनंद यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल. आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते. ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत उतरवली त्यावर असते. दोन्ही कृती बघणाऱ्याला ही त्याची नक्कल आहे असं स्पष्टपणे वाटलं, तर ती नक्कल. हे वाचून मला खूप धीर आला. चूल हा विषय कुणाचा नाही, पाऊस कुणाचा नाही. दुसऱ्याने तो कसा रचला, कुठून बघितला, कुठे छाया ठेवली, ते त्याचं.

मे महिन्यात बाहेर पडले. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. माझा फिरण्याचा खर्च म्हणजे पाण्याची बाटली आणि दुपारचं खाणं. आधी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, गाठलं. रट्ट राजघराण्याच्या काळात, 1204 मध्ये, चौथ्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बिचिराज याने बांधलेलं. मंडपाच्या छतातून खाली आलेलं दगडी कमळ बघायला मान वर करून उभं राहावं लागतं. मी काढलं. चांगलं उतरलं. पण घरी आल्यावर मोबाइलवर बघितलं तर त्याच कमळाचे, त्याच कोनातून काढलेले फोटो ढिगाने होते, आणि माझं चित्र त्यातल्याच एकासारखं. मी कुणाचं बघून काढलं नव्हतं, तरी तसंच आलं, कारण सगळे जिथे उभे राहतात तिथेच मीही उभी होते. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात वेगळा अनुभव आला. तिथे दोन गाभारे समोरासमोर आहेत. मी देवांकडे पाठ केली आणि मधल्या मंडपात बसून दोन्ही बाजूंनी येणारा उजेड खांबांवर कसा भेटतो ते बघत राहिले. त्या दिवशीचं चित्र फारसं जमलं नाही, पण ते दुसऱ्या कुणासारखं नव्हतं.

‘दुसऱ्याचं बघूच नकोस, मनातलं काढ’ असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मनातलं काढा म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी येते. खानापुरात त्यांच्या कुठल्याच खिडकीतून असे डोंगर दिसत नाहीत. खिडकीतून दिसतात त्या लाल विटा, कौलांच्या कारखान्याची चिमणी, भाताची शेतं आणि काजूची झाडं. पण मनात आधीच दुसऱ्यांची चित्रं भरलेली असतात आणि डोळे मिटले की तीच बाहेर पडतात. मोठ्यांचंही तसंच होतं. नक्कल टाळायची तर डोळे उघडून, समोरच्या वस्तूपुढे कंटाळा येईपर्यंत बसण्याशिवाय दुसरा उपाय मला सापडला नाही. पहिल्या अर्ध्या तासात जे सुचतं ते बहुतेक वेळा आधी कुठेतरी बघितलेलं असतं.

माझं चित्र मला मावशीकडे सापडलं. नंदगडच्या पलीकडे तिचं कौलारू घर आहे. मेच्या मध्याला पावसाआधी कौलं परतायला माणसं आली होती आणि मी मदतीला गेले होते. स्वयंपाकघराच्या वर दोन काचेची कौलं आहेत. चुलीच्या धुराने ती इतकी काळी झाली होती की आतून काच आहे हे कळतही नव्हतं. गड्याने ती खाली दिली. मावशीने राख आणि नारळाच्या शेंडीने घासली, आधी काळं पाणी निघालं, मग तपकिरी, मग स्वच्छ. जेवणाआधी, साडेबाराच्या सुमाराला, ती परत वर बसवली.

आणि सारवलेल्या जमिनीवर एक कवडसा पडला. हातभर लांब, कडा अगदी कापल्यासारख्या. कौलाच्या अंगावर जे उभे पन्हळ असतात त्यांच्या रेघा त्या उजेडात जशाच्या तशा उमटल्या होत्या, एक फिकी, एक गडद. शेणाच्या सारवणावर बोटांचे अर्धगोल असतात ना, ते एरवी दिसत नाहीत. कवडशात प्रत्येक बोट वेगळं दिसत होतं. एक मुंगी उजेडातून चालत गेली तेव्हा तिची सावली तिच्याहून मोठी होती. मी पिशवीतून वही काढली आणि तिथेच बसकण मारली. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरी, जमिनीचं काय काढतीस? माझं काढ की." मी म्हटलं, "मावशी, ही तुझीच बोटं आहेत की." तिने वाकून बघितलं, आणि तवा चुलीवर तसाच ठेवून बराच वेळ बघत राहिली.

आमच्याकडे मेमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कवडसा कौलाच्या थेट खाली पडतो. पुढच्या महिन्यांत तो कसा सरकतो हे बघायचं मी ठरवलं, आणि विषय ठरला. नुसता कवडसा. वेगवेगळ्या घरांतला, वेगवेगळ्या जमिनींवरचा. शेणाची जमीन, शहाबादी फरशी, न्हाणीतला दगड, कणगीचा पाठचा भाग, देवघराची पायरी. माणूस चित्रात नाही, पण त्याच्या हाताची खूण कुठेतरी आहे.

जूनमध्ये पाऊस लागला आणि काम थांबल्यासारखं झालं. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. जुलैत तर गावं तुटली होती. मला भीती वाटायला लागली की जानेवारीपर्यंत चित्रं होणार नाहीत. रोज सकाळी उठून आभाळ बघायचे आणि चिडचिड करायचे. तेव्हा नवऱ्याने सुचवलं, ऊन नाही तर ऊन नसतानाचं काढ. ऑगस्टमध्ये मावशीकडे जाऊन राहिले. पावसाळी दिवशी काचेच्या कौलाखाली कवडसा पडत नाही, एक राखाडी, मऊ उजेड नुसता सांडतो आणि त्याला कडा नसतात. कौलावर पाणी वाहत असलं की तो उजेड हलतो. जलरंगात ते पकडायला कागद ओला ठेवून काम करावं लागलं आणि बरेच कागद वाया गेले. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, चांगला कागद महाग पडतो, म्हणून सरावाला त्याच कागदाच्या पाठीमागची बाजू वापरली.

याच काळात वहीची सवय लागली आणि संपूर्ण कामात तीच मला सगळ्यात उपयोगी पडली. साधी दोनशे पानी वही, 60 रुपयांची. प्रत्येक चित्राला दोन समोरासमोरची पानं. डावीकडे मी प्रत्यक्ष काय बघितलं : गाव, महिना, वेळ, जमीन कसली, उजेड कुठून. उजवीकडे दुसऱ्या कुणाकडून काय घेतलं. हे उजवं पान प्रामाणिकपणे भरायचं. त्यात ‘काहीच नाही’ असं क्वचितच लिहिता येतं.

दुसऱ्यांची चित्रं बघणं मी सोडलं नव्हतं. बेळगावात वाढलेल्या माणसाला चित्रकार आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णींचं नाव माहीत असतं. चित्रकार रवी परांजपे मूळचे बेळगावचेच आणि कुलकर्णी सरांचे विद्यार्थी. पण परांजप्यांची चित्रं समोर ठेवली की त्यात सरांची प्रत कुठे दिसत नाही. रेषा वेगळी, रंग वेगळे, अलंकरण वेगळं. एवढ्या मोठ्या गुरूजवळ शिकूनही स्वतःचा हात वेगळा ठेवता येतो, याचं उदाहरण आपल्याच गावात आहे, आणि मला त्याचा फार आधार वाटला. कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, तेही बघून आले. निपाणीपर्यंत बस फुकट, तिथून पुढे तिकीट.

तिथे मी स्वतःला एक नियम घालून घेतला. आवडलेल्या चित्राचा फोटो काढायचा नाही. समोर उभं राहून एक प्रश्न लिहायचा. ‘यात सगळ्यात काळी जागा कुठे ठेवलीय आणि का?’ ‘डोळा आधी कुठे जातो?’ ‘किती भाग रिकामा सोडलाय?’ मग घरी येऊन तोच प्रश्न माझ्या कवडशाला विचारायचा. फोटो हाताशी असला की हात आपोआप त्यातला आकार उचलतो. प्रश्न सोबत आणला तर उत्तर आपल्याच विषयातून शोधावं लागतं. दुसरं म्हणजे एकाच चित्रकाराला धरून बसायचं नाही. उजव्या पानावर सलग एकच नाव यायला लागलं की मी दुसऱ्या कुणाची चित्रं बघायला घ्यायचे.

सप्टेंबरअखेर एक मोठं चित्र पूर्ण झालं. चुलीच्या धुरात तिरपा उतरलेला उजेडाचा पट्टा आणि खाली कवडसा. घरातल्या सगळ्यांना आवडलं. सवय म्हणून त्याचा फोटो काढून गुगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून तसेच फोटो शोधून देणाऱ्या सोयीवर, टाकला. धुरातल्या उजेडाच्या पट्ट्यांचे, चुलीपुढे बसलेल्या आजींचे फोटो एकामागून एक आले, आणि रचना जवळजवळ तीच. मी त्यातला एकही आधी बघितल्याचं मला आठवत नव्हतं. दोघांना स्वतंत्रपणे तेच सुचणं हा काही गुन्हा नाही, कायद्यातही नाही. तरी मला ते चित्र लावावंसं वाटेना, कारण जो भाग मी मावशीच्या जमिनीवर शोधला होता, म्हणजे सारवणाची बोटं, तोच त्या धुरामागे झाकला जात होता. मग सगळ्याच चित्रांतून धूर आणि पट्टे काढून टाकले आणि फक्त जमिनीवरचा तुकडा ठेवला. चित्रं एकदम शांत आणि कोरी दिसायला लागली. लेन्सवर पुन्हा टाकली तर कौलं, फरश्या, गालिचे असलं काहीही यायला लागलं. तेव्हा खरा आनंद झाला.

ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि काम धावायला लागलं. कवडसा आता उत्तरेकडे सरकला होता. डिसेंबरात तो मावशीच्या स्वयंपाकघरात भिंतीच्या पायथ्याशी पोचला आणि मडक्यांच्या उतरंडीवर चढला. सगळ्यात खालच्या मडक्यावर तो वाकून पडायचा, रेघा गोल व्हायच्या. या मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं चित्र ते आहे. खानापूर, हलशी, नंदगड, जांबोटीकडची काही घरं आणि बेळगावातल्या शहापूरचं एक जुनं विणकराचं घर, अशी वीसेक चित्रं जमली. लोकांच्या घरात बसून काढायचं तर आधी विचारा, किमान एक दिवस आधी. आणि काढलेलं चित्र त्यांना तिथेच दाखवा. स्वयंपाकघर ही घरातली आतली जागा असते. एका काकूंनी नको म्हटलं, तिथे मी काढलं नाही.

डिसेंबरमध्ये कागदपत्रांची कामं. फ्रेमा शहापुरात केल्या, माउंट आणि काचेसकट सरासरी 850 रुपये एक. सगळ्या एका मापाच्या केल्या तर स्वस्त पडतं. निमंत्रणपत्रिका आणि बाहेरचा फलक दोन्ही भाषांत केला, कन्नड वर आणि मोठ्या अक्षरात. चित्रांची नावंही मराठी-कन्नड दोन्हीत छापली. कन्नड मजकूर शेजारच्या बाईंनी तपासून दिला. त्यांनी चार ठिकाणी दुरुस्त्या केल्या. छापायला देण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

कॉपीराइटच्या नोंदणीचा अर्जही प्रदर्शनाआधीच केला. खरं तर नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलं त्या क्षणी हक्क आपला होतो. पण पुढे वाद झाला तर नोंद हा पुरावा म्हणून कामी येतो. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर करता येतो. फॉर्म 14 भरायचा, सोबत तपशिलाची दोन विवरणपत्रं असतात, चित्राची स्वच्छ प्रत आणि सही चढवायची. एका चित्राला 500 रुपये आणि प्रत्येक चित्राला वेगळा अर्ज, त्यामुळे मी सगळ्यांची नोंदणी केली नाही. उतरंडीच्या आणि आणखी काही निवडक चित्रांची केली. तुमचं चित्र डबा, पिशवी, लेबल अशा विक्रीच्या मालावर वापरायचं असेल तर शुल्क 2,000 आहे आणि ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला लागतो, ते आधी ठरवून घ्या. एक गोष्ट आपल्या भागापुरती : जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ आहे, लग्नाआधीचं नाव वेगळं. मी सगळीकडे आधारवर आहे तसंच, अक्षरनअक्षर लिहिलं. पैसे भरले की डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. त्यानंतर कुणाची हरकत येते का यासाठी 30 दिवस थांबावं लागतं, मग तपासणी. ऑनलाइन स्थिती बघता येते. मला प्रमाणपत्रं यायला उन्हाळा उजाडला.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी यादी घेऊन टिळकवाडीला गेले आणि त्या हमीपत्रावर सही केली. हात थरथरला नाही. प्रत्येक चित्राचं डावं आणि उजवं पान माझ्याकडे होतं.

चार दिवसांत गर्दी अशी रविवारीच झाली. टेम्पो 1,800, छपाई 1,200, भाडं 6,000, फ्रेमा धरून खर्च पंचवीस हजारांच्या पुढे गेला आणि काही चित्रं विकली जाऊन त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भरून निघाला. पहिल्या प्रदर्शनात एवढी तयारी ठेवावी. वही मी टेबलावर उघडी ठेवली होती. कॉलेजमधल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कुठलं बघून काढलं?" मी तिला पान उघडून दिलं. तिने ते सगळं वाचलं, उजव्या पानावरची नावं उतरवून घेतली आणि मग परत चित्रापुढे जाऊन उभी राहिली. जांबोटीकडचे एक आजोबा न्हाणीच्या चित्रापुढे थांबले आणि बरोबरच्या नातवाला दगडातली खाच दाखवून सांगत होते, इथे आपण चंबू ठेवतो बघ. मावशी सोमवारी आली. स्वतःच्या जमिनीचं चित्र काचेत लावलेलं बघून ती काही बोलली नाही, माझा हात धरून पुढच्या चित्राकडे गेली.

ऑर्डरची कामं अजूनही घेते. फक्त कुणी मोबाइलवरचं चित्र घेऊन आलं की आता विचारते, यातलं नेमकं काय आवडलं? रंग, जागा, की त्यातली माणसं? बहुतेकांना त्या चित्रातली एकच गोष्ट हवी असते. फेब्रुवारीत निपाणीहून एक जोडपं आलं, नेटवरचं सूर्यफुलांचं शेत घेऊन. विचारल्यावर कळलं की त्यांना तो पिवळा रंग हवा होता, आणि त्यांच्या घरी वडिलांच्या काळापासून तंबाखूची पानं वाळायला टांगतात तोही पिवळाच. मी त्यांच्या वखारीत जाऊन बसले आणि ते काढलं. बिल करताना एक ओळ जास्त लिहिते : चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ग्राहकाला ते घरी लावण्याचा हक्क. पैसे घेऊन सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, कायद्याच्या 17 व्या कलमाने ग्राहकाकडे जातो. त्यामुळे ही ओळ दोघांच्या सहीने आधीच लिहून घ्या, चित्र दिल्यावर नव्हे.